शेरा : दिसायला बरं नाही

त्याने माझा नग दोन बोटांत धरला, दिव्याकडे फिरवला आणि लाल पेटीत टाकला.

ठण्ण.

दुसरा उचलला. ठण्ण. तिसरा. ठण्ण. पाचव्यानंतर फिरवून बघणंही सोडलं. डाव्या हातात फोन होता. फोनवर आंब्याच्या पेट्यांचं बोलणं चाललं होतं, देवगड घ्यायचा की रत्नागिरी. उजवा हात माझ्या खोक्यातून निघून लाल पेटीत जात होता. नजर कुठेच नव्हती. हाताला काम लावून दिलं होतं, एवढंच.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली ती मोठी कंपनी. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर लोक म्हणतील, तिथंच तसं आहे.

टेबलाच्या अलीकडे मी. माझ्यामागे आणखी तीन सप्लायर आणि दोन टेम्पोवाले, आपापली खोकी घेऊन रांगेत. पलीकडे करंदीकर, कंपनीच्या क्वालिटीचे मुख्य. एरवी माल तपासायला खालची माणसं असतात. त्या दिवशी माझा माल तपासायला ते स्वतः आले होते.

मी म्हणालो, "साहेब, गेज लावून बघा ना."

त्यांनी फोन कानापासून जरासा लांब केला. "गेज कशाला? दिसतंय ना."

मागे कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही. साहेबाला ऐकू जाईल इतपतच.

फोन संपला. त्यांनी रुमालाने बोटं पुसली, एकेक बोट वेगळं. आणि माझ्याकडे न बघता, रांगेकडे बघत म्हणाले, "तुमच्या लोकांना चान्स द्यावा म्हणतो आम्ही. मग हे असं होतं."

तुमच्या लोकांना. कोणत्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला कळलं होतं. रांगेतल्या सगळ्यांना कळलं होतं. टेम्पोवाल्यालासुद्धा कळलं, त्याने मान खाली घातली.

कागद हातात आला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, व्हिज्युअल. म्हणजे दिसायला बरं नाही.

त्या कंपनीत एक पद्धत आहे. नाकारलेला माल सप्लायरने स्वतः उचलायचा. त्यासाठी लाल रंगाची ढकलगाडी आहे. ती मागच्या दाराने न्यायची नाही. पुढच्या गेटने, कँटीनच्या समोरून न्यायची. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मागचं दार त्या वेळी नेमकं बंद असतं. जेवणाची सुट्टी होती. दीडशे माणसं ताटं घेऊन बसली होती. मी शर्ट खोचलेला, पायात पॉलिश केलेले बूट, वय शेहेचाळीस, स्वतःच्या वर्कशॉपचा मालक, लाल गाडी ढकलत त्यांच्यासमोरून गेलो. गाडीचं एक चाक वाजत होतं.

*

मी काय बनवतो ते सांगतो. बुश बनवतो. बुश म्हणजे पोलादाची बोटाएवढी आखूड नळी, फिरणाऱ्या दांड्याभोवती बसते. ती बरोबर आहे की नाही हे ठरवायला गेज असतो. दोन टोकांचा दांडा. एक टोक नळीत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बास. गेजला आडनाव कळत नाही. म्हणून तर मी या धंद्यात आलो. मला वाटलं, इथे माप असतं. जिथे माप असतं तिथे माणूस सुरक्षित असतो.

माझा बाप इगतपुरीला रेल्वेत गँगमन होता. घाटात रूळ सांभाळायचा. पावसाळ्यात चार-चार महिने त्याचे कपडे वाळायचे नाहीत. त्याला मोठ्या माणसांच्या भुवया वाचता यायच्या. साहेबाची ट्रॉली लांबून दिसली की बाप सांगायचा, आज बिघडलेला आहे, समोर जाऊ नका. साहेबाने तोंड उघडायच्या आत तो चूक कबूल करायचा. कसली चूक, ते नंतर शोधायचा. आम्हा भावंडांनाही त्याने तेच शिकवलं. समोरच्याला आवडलं नाही, एवढं पुरे. का आवडलं नाही हे विचारणं म्हणजे उद्धटपणा.

मी नाशिकला आलो तेव्हा सातपूरला एका लेथवाल्याकडे लोखंडाचा कीस झाडायचो. झाडता झाडता मशिन शिकलो. पुढे पहिली जुनी लेथ घेतली ती घासाघीस करून. घासाघीस मला येते. अख्ख्या अंबडमध्ये माझ्यासारखी कोणाला येत नाही. जुनं मशिन घ्यायला गेलो की मी बोलत नाही. भोवती एक फेरी मारतो. हँडल फिरवून सोडून देतो. जीभ टाळूला लावून एकदा 'चुक्' असा आवाज करतो आणि बाहेर बघतो. मालक स्वतःच सांगायला लागतो, जरा बेडला घासलंय, जरा मोटारीचा आवाज येतो. मी काही म्हटलेलं नसतं. भाव आपोआप उतरतो. नाक मुरडायला पैसे पडत नाहीत आणि पुरावाही लागत नाही.

म्हणजे हे हत्यार मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तरी माझ्यावर चाललं तेव्हा मला ओळखू आलं नाही. याची मला आजही चीड आहे.

*

त्या कंपनीची ऑर्डर मिळाली तेव्हा माझ्याकडे अकरा माणसं होती आणि ती ऑर्डर म्हणजे त्यातल्या आठांचं काम. पहिले सात महिने एक नग परत आला नाही. माझ्या वर्कशॉपच्या नावावरून काही कळत नाही. फोनवरच्या बोलण्यावरूनही कळत नाही, ते मी घासूनपुसून घेतलेलं आहे.

मग ऑडिट झालं. सप्लायरचं वर्कशॉप बघायला कंपनीचे लोक येतात, त्याला ऑडिट म्हणतात. करंदीकर आले. मशिनं बघितली, मोजमापाची कपाटं बघितली, मान डोलावली. लेथच्या मागच्या भिंतीवर दोन फोटो होते. बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांची मान थांबली.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"इगतपुरी."

"तसं नाही. मूळचे."

"इगतपुरीच," मी म्हणालो.

ते हसले. पाण्याचा ग्लास ट्रेमध्ये होता तसाच राहिला. जाताना म्हणाले, तुमच्या मानाने स्वच्छ ठेवलंय. आणि मी, लाज वाटते सांगायला, मी थँक्यू म्हणालो.

त्याच्या पुढच्या खेपेपासून व्हिज्युअल सुरू झालं.

सुरुवातीला मी माझ्यातच खोट शोधली. बापाने तेच शिकवलं होतं. पॉलिशचं नवं मशिन घेतलं. तेल बदललं, खोकी बदलली, प्रत्येक नग कागदात गुंडाळून पाठवला. कागद आवडला नाही म्हणून परत आला. करंदीकरांना विचारलं की ते म्हणायचे, मला काही नाही हो, कस्टमरला चालत नाही. पर्चेसला साळवी म्हणून होते, त्यांना विचारलं तर म्हणायचे, आमचं काही नाही, क्वालिटीला पटत नाही. खालच्या तपासनिसाला विचारलं तर तो वर बोट दाखवायचा. नापसंती सगळीकडे होती आणि कोणाचीच नव्हती.

मग मी एक काम केलं. एका रविवारी वर्कशॉप बंद असताना गेलो, स्टुलावर चढलो आणि दोन्ही फोटो भिंतीवरून उतरवून केबिनमधल्या कपाटात ठेवले. कागदात गुंडाळून. बुश गुंडाळायचो तोच कागद.

सोमवारी हिराबाईने विचारलं, फोटो कुठे गेले. हिराबाई पेठकडची. पोटासाठी नाशिकला आलेली. माझ्याकडे नगांच्या कडा साफ करायची, कानशीने, तीन वर्षं. मी म्हणालो, भिंत रंगवायची आहे. ती भिंत मी कधीच रंगवली नाही आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

फोटो काढूनही माल परत आला. ज्याला जे दिसायचं ते एकदा दिसून गेलं होतं.

*

माझ्या शेजारच्या गल्लीत जयंतराव. त्याच कंपनीला, त्याच मापाचे बुश देणारा दुसरा सप्लायर. आमची बारा वर्षांची ओळख. माझ्याच वयाचा. तो मला अरे म्हणायचा, मी त्याला अहो. बारा वर्षांत हे कोणी ठरवलं नव्हतं. ड्रिल तुटलं तर तो माझ्याकडे यायचा, माल कमी पडला तर मी त्याच्याकडे.

लाल गाडी ढकलली त्या दिवशी मी सरळ त्याच्याकडे गेलो. त्याने मिसळ मागवली. मी बडबड बडबड केली. तो पाव मोडत ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुझ्या डोक्यात ते भूत बसलंय रे. सगळ्याला तेच कारण लावतोस. क्वालिटी म्हणजे क्वालिटी."

माझं डोकं गरम झालं. पण मी घासाघीस करणारा माणूस आहे, रागातसुद्धा सौदा सुचतो. मी म्हणालो, पैज लावा. माझा परत आलेला हाच माल तुमच्या खोक्यात, तुमच्या नावाच्या चलनावर पाठवा. परत आला तर आयुष्यात हा विषय काढणार नाही.

त्याला गंमत वाटली. तो हो म्हणाला. हरायची त्याला भीती नव्हती, हे मला त्याच्या हसण्यावरून कळलं.

रात्रपाळी सुटायच्या वेळी, पहाटे, मी वर्कशॉपला गेलो आणि त्या लाल पेटीतल्या प्रत्येक नगाच्या आतल्या कडेला पंचने एक ठिपका मारला. मोहरीएवढा. पुढे कोणी म्हणायला नको की नग वेगळे होते. लक्षात घ्या. आधी त्या मालात खोट नव्हती. आता होती. मी माझ्या हाताने घातलेली. आता तो माल खरंच दिसायला बरा नव्हता.

जयंतरावांच्या खोक्यात तो गेला. एकही नग परत आला नाही.

पाचशे नग, पाचशे ठिपके, सगळे पास. साळवींनी मला पुरावा असा दिला की त्यांना स्वतःला कळलं नाही. लाइनवरचा एक जुना नमुना हवा म्हणून मी मागितला, त्यांनी मूठभर बुश हातावर ठेवले. ठिपका. ठिपका. ठिपका.

जयंतरावांना दाखवले. त्यांनी एक नग बोटावर चढवला, फिरवला, काढला.  मला वाटलं, आता हा माणूस पेटून उठेल. ते म्हणाले, "कुठं बोलू नकोस. चलन माझ्या नावाचं आहे."

त्या दिवशी वर्कशॉपला येऊन मी दोन्ही फोटो परत भिंतीवर लावले. सगळ्यांसमोर, दिवसाढवळ्या. कोणी काही विचारलं नाही.

*

त्या कंपनीचा वर्षातून एकदा सप्लायरचा मेळावा होतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या हॉटेलात. गोल टेबलं, पांढरी कापडं अंथरलेली, पडद्यावर सगळ्या सप्लायरची यादी. हिरवे, पिवळे, लाल. हिरव्यांना ट्रॉफी. लालवाल्यांनी स्टेजवर जायचं, हातात दिलेलं कार्ड वाचायचं. कार्डावर छापलेलं असतं, मी माझ्या गुणवत्तेत सुधारणा करण्याचं वचन देतो. वाचून झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. याला प्रोत्साहन म्हणतात. मी आधीच्या वर्षी याच टाळ्या वाजवल्या होत्या. मालेगावकडचा एक म्हातारा कास्टिंगवाला वाचत होता, त्याचा चष्मा घरी राहिला होता, त्याला अक्षरं लागत नव्हती, आणि आम्ही हसत टाळ्या वाजवल्या. मी पण.

त्या वर्षी लाल यादीत मी एकटा होतो. जयंतराव हिरव्यात. माझ्याच मालाच्या जोरावर.

माझं नाव पुकारलं. करंदीकरांनी कार्ड दिलं, खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. मी माईकसमोर गेलो. कार्ड खिशात घातलं. दुसऱ्या खिशातून बुश काढले आणि माईकच्या स्टँडखाली टेबलावर मांडले. आणि सांगितलं. काय बनवलं, कधी परत आलं, कसं पाठवलं, कोणाच्या चलनावर. आवाज चढला होता. मी ते नाकारत नाही. माझा आवाज चढतो. मी करंदीकरांना म्हणालो, साहेब, हे दोन नग. एक माझ्या खोक्यातून परत आलेला, एक जयंतरावांच्या खोक्यातून पास झालेला. यातला दिसायला बरा नसलेला कोणता ते सांगा.

करंदीकर म्हणाले, "हे ठिकाण नाही."

मी म्हणालो, जयंतराव, उठून सांगा.

जयंतराव ट्रॉफीचा कागद सोडत होते. सोडत राहिले.

सगळं सभागृह गप्प होतं. मला वाटलं, ही शांतता माझ्या बाजूची आहे. साठ सप्लायर. त्यातल्या निम्म्यांनी तरी कधीतरी लाल गाडी ढकललेली. कोणीतरी उठेल. मी एकेका टेबलाकडे बघत गेलो आणि बघेन तिथे लोक ताटाकडे बघू लागले. ताटं अजून रिकामी होती.

मग कंपनीचे मोठे साहेब बोलले. मऊ आवाजात. "भाऊ, मुद्दा असेल तुमचा. पण टोन बघा तुमचा."

आणि मी बघितलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता त्यांना काय नापसंत करायचं ते मिळालं होतं. पाचशे ठिपके कोणी बघितले नाहीत. माझा आवाज सगळ्यांनी ऐकला. माना हलायला लागल्या. असं चारचौघांत बोलतात का. पद्धत असते काही. मागच्या टेबलावरून एक जण म्हणाला, "आवरा की राव, जेवण गार होतंय." हशा पिकला. सुटल्यासारखे हसले सगळे.

मी टेबलावरचे बुश गोळा केले. एक घरंगळून खाली गेला. तो शोधायला मी वाकलो, साठ माणसांसमोर, गुडघ्यांवर. तो तिथे टाकून मला जायचं नव्हतं. तो मिळाला, तोपर्यंत सूप वाढायला सुरुवात झाली होती.

*

ऑर्डर बंद झाली. पत्र आलं नाही. कोणी नाही म्हणालं नाही. फक्त फोन यायचा थांबला. मी केला की सांगायचे, विचार चालू आहे. दुसऱ्या कंपन्यांत गेलो. तिथे सगळे गोड. तुमचं काम चांगलंय हो, ऐकून आहोत आम्ही तुमच्याबद्दल. काय ऐकलं ते कोणी सांगत नव्हतं. दोन महिन्यांत अकराची सहा माणसं झाली. पाच जणांना मी स्वतः सांगितलं. त्यातला एक रडला. मी त्याच्यावर ओरडलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

जयंतरावांचा एकदा फोन आला. "तू समजून घे रे, माझीही पोरंबाळं आहेत." मी म्हणालो, "तूही समजून घे, जयंता." फोन तिकडूनच ठेवला गेला. एवढ्याशा 'तू'चा त्याला राग आला. पाचशे नगांचा आला नव्हता.

मी रोज कोणाला ना कोणाला ती हकिगत सांगायचो. चहावाल्याला, मटेरियलवाल्याला. एका शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये सांगत होतो. उरलेली माणसं ऐकत होती. मी हात करून दाखवत होतो, कसा बघत नव्हता, कसा नुसता टाकत होता, ठण्ण, ठण्ण.

हिराबाई कानस थांबवून म्हणाली, "शेठ, तुमी बी आमचा ट्रे असाच वतता ना. बघत नाय. नुसता वतता."

मी हात खाली घेतला.

ती खरं बोलत होती. दर शनिवारी मी तिच्या टेबलाशी जायचो. तिने आठवडाभर घासून ठेवलेला ट्रे उचलायचो, 'चुक्' करायचो आणि ओतून द्यायचो. परत कर म्हणायचो. परत केलेल्या कामाचे पैसे नसायचे. तिने कधी विचारलं नाही, काय खराब आहे. ती वाकून गोळा करायची.

माझं उत्तर काय होतं, तेही लिहितो. मी म्हणालो, "सोमवारपासून येऊ नको."

तिने कानस फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली. वर्कशॉपची होती ना. डबा घेतला आणि गेली. मला टोन आवडला नव्हता. बाईमाणसाने मालकाला असं चारचौघांत.

सगळे गेल्यावर मी तिचा ट्रे घेऊन बसलो. एकेका नगाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड नीट साफ झालेली नसेल तर बोटाला बारीक काच लागल्यासारखं लागतं. संपूर्ण ट्रेमध्ये दोन नग निघाले. दोन. तीन वर्षं मी जे ओतलं होतं ते सगळं आता कुठल्या कुठल्या यंत्रात फिरत होतं, त्यातलं काय खराब होतं ते मोजायची सोय नव्हती.

करंदीकरांना मी काय काय शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या त्या टेबलावर पडल्या होत्या. एकही दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी मी चुंचाळ्याला तिच्या खोलीवर गेलो. ती दाराशी सुपात नागली निवडत होती. बस म्हणाली नाही. शेजारीण चुलीशी होती, तिने कान इकडे केलेले दिसत होते.

मी म्हणालो, कामावर ये.

ती म्हणाली, "काय खराब व्हतं त्ये सांगा. मंग येते."

"काही खराब नव्हतं."

"मंग वतलं कशाला?"

घासाघीस करताना माझं एक तत्त्व आहे, खरं कारण कधी सांगायचं नाही. सांगितलं की भाव गेला. मी इकडेतिकडे बघितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती. शेवटी मी म्हणालो, "तू दर वाढवून मागू नयेस म्हणून."

शेजारणीने भांडं आपटलं.

हिराबाई रागावली नाही, हे मला जास्त लागलं. तिला ते माहीतच होतं. तिने अटी सांगितल्या, माझ्याहून थंड डोक्याने. दर वाढवायचा. नग परत द्यायचा तर एकेक हातात घेऊन, कुठे काय लागतं ते बोट लावून दाखवायचं. आणि आता जे सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

माझ्या तोंडून निघालं, "सगळ्यांसमोर कशाला?"

बोलून गेलो आणि माझं मलाच ऐकू आलं. मी करंदीकरांच्याच तोंडाने बोललो होतो. हे ठिकाण नाही. टोन बघा. चारचौघांत नको. माणसाला खाली पाडायचं ते चारचौघांत, लाल गाडीवर घालून, कँटीनसमोरून. आणि पाडलं हे कबूल करायचं ते मात्र दार लावून.

बुधवारी सकाळी मशिनं सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माफ केलं असंही कोणी म्हणालं नाही. हिराबाईने कानस उचलली आणि कामाला लागली. तिच्या टेबलावर आता एक वही आहे. मी नग परत दिला तर का दिला ते त्यात लिहितो आणि खाली सही करतो. मला आता फार कमी नग परत द्यावे लागतात. कारण लिहायला घेतलं की निम्म्या वेळा कारणच सापडत नाही.

*

परवा साळवींचा फोन आला. आवाज जिव्हाळ्याचा. जयंतरावांना एवढा माल झेपत नाही, लाइन अडते आहे. पुन्हा सुरू करू या. पूर्वीपेक्षा जास्त नग. फक्त एक छोटंसं पत्र द्या, मेळाव्यातल्या बोलण्याबद्दल दिलगिरी. दोन ओळी. मजकूर आम्हीच पाठवतो.

मी वर्कशॉपमध्ये उभा होतो. सहा माणसं होती, चार मशिनं बंद होती. ही ऑर्डर आली नाही तर दिवाळीपर्यंत आणखी दोघांना सांगावं लागेल. कोणाला, ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. ते दोघं माझ्याकडे बघत होते.

मी साळवींना म्हणालो, माल देतो. दर जुनाच चालेल. पत्र देणार नाही. आणि इथून पुढे माझा जो नग परत येईल त्यासोबत माप लिहून आलं पाहिजे, आणि मापाखाली नाकारणाऱ्याचं नाव.

ते हसले. "असं कोणीच मागत नाही हो. तुम्हाला ऑर्डर हवीय की भांडण?"

"ऑर्डर हवीय."

"करंदीकरसाहेबांना हे आवडायचं नाही."

"त्यांना तसं लिहून द्यायला सांगा," मी म्हणालो. "न आवडण्याचं कारण. आणि सही."

फोन बंद झाला. त्यानंतर आलेला नाही. येईल की नाही मला माहीत नाही. त्या दोघांना मी त्याच दिवशी बसवून सांगितलं की मी काय मागितलं आणि त्यात त्यांचं काय जाऊ शकतं. एकाने मान हलवली. दुसरा म्हणाला, पत्र देऊन टाकायचं होतं शेठ, दोन तर ओळी होत्या. त्याचं चूक नाही. त्याच्या घरी दोन ओळींवर महिना निघतो. मी त्याला म्हणालो, तुझं म्हणणं मला पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. त्यानेही तसं तोंडावर सांगितलं.

मी कोणाला आवडावं अशी माझी मागणी नाही. ती हौस फिटली. माझा माल नाकारा, मला नाकारा, रोज नाकारा. पण नग हातात घ्या, माप लावा, काय कमी आहे ते लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला. बिननावाची नापसंती माझ्या दारात आली तर मी ती गेटवरूनच परत पाठवीन. आणि माझ्या दारातून बाहेर जायला निघाली, तर तिथेही मीच आडवा उभा राहीन.